मास्तरांची कवळी

काही माणसं आळशी असतात आणि आळशीच दिसतात. त्यांच्यापासून कुणाला धोका नाही. आपल्या गोष्टीतला माणूस त्यांच्यातला नव्हता. तो दिवसभर कशात ना कशात गढलेला असायचा, हात रिकामा म्हणून कधी दिसायचा नाही, आणि तरीही जे काम आज व्हायला हवं तेवढं सोडून बाकीचं सगळं व्हायचं. दवाखान्यात त्याला ‘उद्याराव’ म्हणत. तोंडावर म्हणत, कारण त्याला राग जरी आला तरी तो यायला दोन दिवस लागतील याची सगळ्यांना खात्री होती.

धंद्यानं तो कवळ्या करणारा. दातांच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तीच त्याची कामाची जागा. खिडकी एकच, आणि तीसुद्धा शेजारच्या भिंतीकडे उघडणारी. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीनं मांडलेले, प्रत्येकाच्या बुडाशी पेन्सिलीनं लिहिलेला पेशंटचा नंबर. खाली स्पिरिटचा दिवा, गुलाबी मेणाच्या पट्ट्या, घासायची मोटर, आणि या सगळ्यावर चाळलेल्या पिठासारखी पांढरी भुकटी. पुढच्या खोलीत डॉक्टरीणबाई दात काढायच्या, माप घ्यायच्या आणि ते मागे पाठवायच्या. हा त्या मापात प्लास्टर ओतून जबडा करायचा, त्यावर मेणात एकेक दात रचायचा, मग मेणाच्या जागी पक्कं गुलाबी प्लास्टिक भरून, शिजवून, घासून, चकाकवून कवळी पुढे पाठवायचा. पाठवायचा म्हणजे पाठवणं अपेक्षित असायचं. बुधवार सांगितला की पुढच्या शुक्रवारपर्यंत पेशंट बोळक्या तोंडानं चकरा मारायचा आणि बाई ओशाळं हसत त्याला मासिकं वाचायला द्यायच्या.

पण हातात जादू होती. त्याची कवळी तोंडात गेली की शेजाऱ्यालासुद्धा कळायचं नाही, माणूस मागच्या महिन्यापेक्षा तरुण का दिसतोय. म्हणून बाईंनी बारा वर्षं सोसलं. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, त्यातला प्रकार.

त्याचे वडील मास्तर. शाळेचे नव्हेत, शिवणाचे. सगळा गाव त्यांना टेलर मास्तर म्हणे आणि ते फक्त कोट शिवत. त्यांच्याकडून गेलेला कोट दुरुस्तीला परत आला नाही असं लोक सांगत, आणि मास्तरही ते खोडून काढत नसत. मुलगा सोळा वर्षांचा असताना त्यानं एका कोटाची कॉलर शिवली होती. तीन दिवस खपून शिवली होती. मास्तरांनी चष्मा लावला, कॉलर उलटीपालटी करून पाहिली, मग छोटं पातं घेतलं आणि एकेक टाका उसवत गेले. तोंडातून शब्द नाही. सगळे टाके उसवून झाल्यावर त्यांनी कापडाची नीट घडी घातली आणि ती मुलासमोर ठेवली. दोन शिव्या दिल्या असत्या तर पोरगा शिंपी झाला असता. तो कवळ्या करायला गेला.

तर अशा या मास्तरांचे सत्त्याहत्तराव्या वर्षी उरलेले नऊ दात किडले आणि डॉक्टरीणबाईंनी तीन वेळा बोलावून ते काढून टाकले. दोन महिन्यांनी हिरड्यांचं माप घेतलं. मास्तर खुर्चीतून उठले, रुमालानं हनुवटी पुसली आणि मागच्या खोलीत डोकावून एवढंच म्हणाले, “तुझ्याच हातची होणार ना?” तो म्हणाला, “हो बाबा, दोन आठवड्यांत.”

इथं धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. दात गेले की हिरडी आक्रसत जाते. पहिलं वर्षभर तर भराभर. म्हणून माप घेतलं की कवळी लवकर तोंडात जायला हवी, नाहीतर कवळी होते एका माणसाची आणि बसवायला येतो दुसराच, जरी तो तोच असला तरी. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. मधल्या दारातून डोकं काढून तो पेशंटना बजावायचा, “गावाला बिवाला जाऊ नका हां, माप शिळं होतं.” लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पहिले पंधरा दिवस त्याच्याकडे खरं कारण होतं. हिरडी अजून बसायचीय, घाई नको. त्यानंतर खरं कारण उरलं नाही, म्हणून त्यानं तेच पुढे चालू ठेवलं.

घरी मात्र एक निराळीच अडचण होऊन बसली होती. मास्तरांना एक थोरली बहीण होती, म्हणजे याची आत्या. ती एक दिवस आणि एक रात्र प्रवास करावा इतक्या लांब, आपल्या मुलाकडे राहायची. तिचे डोळे जवळजवळ गेलेले, कानही अधू. मास्तरांचं कंबरेचं हाड मोडून जोडलेलं, त्यामुळे त्यांना प्रवास नाही. राहिला तो फोन. दर रविवारी दुपारी चार वाजता बहीणभाऊ बोलत, आणि बोलण्यात काही राम नसला तरी चाराचे साडेचार होत. दात गेल्यावर मास्तरांचे शब्द तोंडातून नुसती हवा होऊन बाहेर पडायला लागले. घरातल्यांना सवयीनं कळायचं, आत्याला कळेना. “काय म्हणतोस? घास आहे का तोंडात?” ती विचारायची. मग सून मध्ये बसायला लागली. मास्तर बोलत, सून तेच मोठ्यानं फोनात सांगे. दुसऱ्याच्या चमच्यानं जेवावं तसं ते बोलणं.

एका रविवारी फोन ठेवल्यावर मास्तर सुनेला म्हणाले, “मला ताईला एक गोष्ट सांगायचीय. पन्नास वर्षं राहिलीय.”

“मग सांगा ना बाबा, मी सांगते तिकडं.”

“तुझ्या तोंडून नाही चालायची. माझी मलाच सांगायला पाहिजे.” मग म्हणाले, “दात आले की सांगीन. आम्हा दोघांपैकी एक जण जायच्या आत सांगून झालं म्हणजे झालं.”

सुनेनं हे नवऱ्याच्या कानावर घातलं. तो म्हणाला, “या आठवड्यात करतोच.” आणि खरंच, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं फळीवरून मास्तरांचा जबडा खाली काढला, समोर ठेवला, दिवा पेटवला.

दिवा पेटवला खरा, पण हात पुढे जाईना. पांढऱ्या प्लास्टरची ती दोन अर्धवर्तुळं त्याच्याकडे बघत राहिली. त्याला दिसायला लागलं, बाबा कवळी तोंडातून काढतायत, उलटीपालटी करून पाहतायत, आणि एक शब्द न बोलता समोर ठेवतायत. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, त्यानं हात मागे घेतला. त्यानं मनाशी म्हटलं, आधी ते चौदा नंबरचं काम हातावेगळं करू, म्हणजे मग हे निवांत करता येईल. चौदा नंबर दुपारपर्यंत झाला. मग बावीस. मग एकतीस, जो सात आठवडे मासिकं वाचत होता. संध्याकाळ झाली तेव्हा तीन कवळ्या चकाकत होत्या आणि मास्तरांचा जबडा जिथं होता तिथंच होता.

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. तो जबडा समोर असला की बाकीचं प्रत्येक काम त्याला सुटकेसारखं वाटायचं. महिनाभरात मागचं सगळं संपलं. मग त्यानं दातांची पाकिटं रंगाप्रमाणे लावली. मोटर उघडून तेल घातलं. चार वर्षं गळणारा नळ दुरुस्त केला, आणि नळ दुरुस्त झालाय हे कळायलाच बाईंना आठवडा लागला, कारण ठिबकण्याच्या आवाजाची त्यांना सवय झाली होती.

बाई आधी चक्रावल्या, मग घाबरल्या. त्यांना वाटलं, हा नोकरी सोडून चाललाय, म्हणून आवराआवर करतोय. पण बाई हुशार. आठ दिवस त्यांनी नुसतं पाहिलं, आणि काय चाललंय ते त्यांच्या बरोबर ध्यानात आलं. दुसऱ्या सोमवारी मागच्या खोलीत एक पांढरा फळा आला. त्यावर बाईंनी स्वतःच्या हातानं पहिली ओळ लिहिली: मास्तरांची कवळी. खाली बाकीच्या कामांची यादी.

“पहिलं काम पहिल्यांदा,” बाई निरागसपणे म्हणाल्या.

“हो बाई,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या कामाला लागला.

संध्याकाळी दोनपासून अकरापर्यंतच्या ओळी पुसलेल्या असायच्या. पहिली तशीच. सकाळी खाली नवी यादी लागायची, वरची ओळ मात्र कुणी पुन्हा लिहायचीसुद्धा गरज नव्हती. असं हे यंत्र सुरू झालं. गावातल्या आणखी दोन दवाखान्यांनी आपली कामं इकडे पाठवायला सुरुवात केली. दुसरी मोटर आली. ‘उद्याराव’ हे नाव कधी मागे पडलं ते कळलंच नाही. आता पेशंट म्हणायचे, माणूस शब्दाचा पक्का आहे हो, आठ दिवस म्हणजे आठच दिवस. ते ऐकलं की त्याला खाली बघावंसं वाटायचं, आणि तो खाली बघून काम करायचा, म्हणून काम आणखी व्हायचं.

असं नाही की त्याला काही वाटत नव्हतं. फार वाटायचं. एकदा तर त्यानं धीर करून मेण लावलं आणि समोरचे सहा दात रचले. चांगले रचले होते. मग तो लांबून बघायला लागला, जवळून बघायला लागला, सुळा किंचित आत गेलाय असं त्याला वाटलं, आणि पाहता पाहता त्यानं सहाच्या सहा दात उपटून मेण वितळवून टाकलं. त्या दिवशी त्यानं पाच कवळ्या पूर्ण केल्या. मोटरच्या आवाजात रडलेलं कुणाला ऐकू जात नाही, हा त्या खोलीचा एक फायदा होता.

बाईंनाही अगदीच काही वाटत नव्हतं असं नाही. एकदा चहाचा कप हातात घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या. “मास्तरांची दुसऱ्याकडून करून घ्यायची का? माझ्या ओळखीचा आहे एक.”

“नको बाई. मीच करतो. या आठवड्यात.”

“बरं,” बाई म्हणाल्या. जरा जास्तच लवकर म्हणाल्या. ते दोघांच्याही लक्षात आलं, आणि दोघांनीही चहा संपवला.

घरी बायकोचा पारा चढलेला. “लोकांच्या बापांना आठ दिवसांत दात, आणि आपल्या बापाला वर्ष होत आलं. तुम्हाला लाज कशी वाटत नाही?”

“वाटते,” तो म्हणाला. ती मास्तरांकडे वळली. “बाबा, उद्या माझ्याबरोबर चला. दुसऱ्या दवाखान्यात जाऊ.”

मास्तरांनी भाताचा मऊ घास गिळला आणि मान हलवली. “घरात कारागीर असताना?” ते म्हणाले. “करील तो. चांगलं काम करणाऱ्याला वेळ लागतो.”

हे टोमणा म्हणून बोलले असते तर बरं झालं असतं. ते मनापासून बोलले होते. तो हात धुवायला उठला आणि बराच वेळ धूत राहिला.

त्याच सुमाराला दातांच्या डॉक्टरांचं कसलंसं संमेलन झालं. बाई त्याला घेऊन गेल्या आणि व्यासपीठावर उभं करून चार कौतुकाचे शब्द बोलल्या. त्याला पुष्पगुच्छ मिळाला. तो घेऊन घरी आला तेव्हा मास्तर खिडकीशी बसले होते. त्यांनी फुलांकडे पाहिलं आणि हवेतले शब्द काढत विचारलं, “वर्षात किती कवळ्या झाल्या?”

“तीनशे दहा.”

मास्तरांनी मान डोलावली. “चांगलंय,” म्हणाले. तीनशे अकरावीचं काय, असं त्यांनी विचारलं नाही. तो वाट बघत उभा राहिला, पण त्यांनी खरंच विचारलं नाही. रविवारचे फोन एव्हाना पाच मिनिटांवर आले होते. सून विचारायची, आत्या सांगायची, मास्तर बाजूला बसून ऐकायचे. कधी तोंड उघडायचे आणि हात हलवून राहू दे म्हणायचे.

माप घेतल्याला चौदा महिने झाले, आणि एका गुरुवारी दुपारी आतेभावाचा फोन आला. घरी नाही, थेट दवाखान्यात.

“आईचं काही खरं नाही रे,” आतेभाऊ म्हणाला. “डॉक्टर म्हणतात, आठवडा निघाला तर खूप. बोलतेय अजून, पण थोडंच. मामांना बोलायचं असलं तर या रविवारी बोलून घेऊ दे.”

त्यानं फोन ठेवला आणि तसाच बाईंकडे गेला. नवं माप घ्यायचं तर नवा जबडा, चावा जुळवणं, मेणाची कवळी तोंडात घालून पाहणं, पुन्हा सगळंच पहिल्यापासून आलं. घाई करूनसुद्धा सहा दिवस. हातात तीन होते. बाईंनी पुढच्या खोलीतले त्या दिवसाचे पेशंट परत पाठवायला सांगितलं. तो मागे आला, जुना जबडा पुढ्यात ओढला, त्यावर साचलेली भुकटी फुंकली आणि कामाला बसला.

जबडा तयार असल्यावर काम दीड दिवसाचं होतं. दीड दिवसाचंच आहे हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि तरी शनिवारी दुपारी कवळी पूर्ण होऊन हातात आली तेव्हा त्याला धक्का बसला. एवढंसं काम. आणि सांगायला हवं, त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली कवळी होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या दातांना असावी तेवढी झीज त्यानं घासून आणली होती, रंग किंचित पिवळसर, एक दात दुसऱ्यावर केसभर चढलेला, जसा मास्तरांचा होता. चौदा महिन्यांपूर्वीच्या तोंडात ती टाचणीभरही हलली नसती.

रविवारी दुपारी त्यानं ती मास्तरांच्या तोंडात बसवली. वरची कशीबशी टिकली. खालची बसलीच नाही. जिभेच्या प्रत्येक हालचालीबरोबर ती उचलली जायची आणि दातावर दात आपटायचे. चिकटवायची पेस्ट लावून पाहिली, पण एवढी पोकळी पेस्टनं काय भरणार. आतून अस्तर भरता आलं असतं, पण त्यालाही दोन दिवस लागणार होते.

मास्तरांनी कवळी बाहेर काढली. उजेडाकडे धरली. शिवणीवरून फिरवावा तसा तिच्या कडेवरून अंगठा फिरवला. मुलगा समोर उभा होता, सोळा वर्षांचा.

“काम चांगलंय,” मास्तर म्हणाले. “फार चांगलंय.” मग विचारलं, “माप कधीचं?”

“गेल्या वर्षीचं, बाबा.”

मास्तर रागावले नाहीत. त्यांनी कवळी पुन्हा तोंडात घातली, एकदा-दोनदा जबडा उघडमीट केला. “चार वाजेपर्यंत सवय होईल,” ते म्हणाले, आणि त्यातल्या तीन शब्दांच्या वेळी दात वाजले.

चार वाजता त्यांनी सुनेला बाहेर जायला सांगितलं. खालची कवळी अंगठ्यानं दाबून धरायला एक हात लागत होता, दुसरा थरथरायचा, म्हणून मुलानं फोन समोर धरला, स्पीकर लावून. पलीकडे आतेभावानं आत्याच्या कानाशी फोन नेला. तिचा श्वास ऐकू येत होता.

“ताई,” मास्तर म्हणाले. “मी बोलतोय.” टक्. “ताई, आपली आई...” टक् टक्. “आईनं तुला...” इथं वरची कवळी सुटून खालच्यावर पडली. मास्तरांनी ती जिभेनं वर ढकलली आणि पुन्हा सुरुवात केली. गळ्याच्या शिरा ताठ झाल्या होत्या. इतका जोर लावून बोलताना त्यानं त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“कोण आहे रे?” आत्याचा बारीक आवाज आला. “फोनात काहीतरी वाजतंय.”

“मामा आहे आई, तुझा भाऊ.”

“हा नव्हे. माझ्या भावाचा आवाज मला कळत नाही होय? दात नव्हते तरी कळायचा.”

मास्तर थांबले. त्यांनी आधी खालची कवळी काढली, मग वरची, आणि दोन्ही मांडीवरच्या रुमालावर ठेवली. आतेभाऊ फोनात सांगत होता, स्पीकरचा आवाज घुमतोय, फोन कानाला लावून बोला, पण लवकर बोला, दमलीय ती.

“तू सांग,” मास्तर फोनवर हात ठेवून मुलाला म्हणाले. ते आता आपल्या नेहमीच्या पोकळ बोलण्यात बोलत होते, आणि त्याला शब्दन्‌शब्द कळत होता. “आता तूच सांग तिला. आई जायच्या आधी तीन दिवस तिचं नाव घेत होती. तिला बोलवा म्हणत होती. मी तार केली नाही.”

मुलानं रुमालावरच्या कवळीकडे पाहिलं.

“तार करायची म्हणजे आई चालली असं लिहायला लागलं असतं. ते माझ्याच्यानं लिहवेना. पोस्ट दहा मिनिटांवर होतं. म्हटलं, हातातला एक कोट संपवू आणि जाऊ. त्या तीन दिवसांत मी अकरा कोट शिवले. तेवढे आयुष्यात कधी शिवले नाहीत.” मास्तरांनी श्वास घेतला. “नंतर ताईला सांगितलं, आई झोपेतच गेली, कुणाचं नाव घेतलं नाही. ती आईशी भांडून गेली होती घरातून. तिला वाटतं, आईनं तिला शेवटपर्यंत माफ केलं नाही. पन्नास वर्षं वाटतंय. सांग तिला.”

त्यानं स्पीकर बंद केला आणि फोन कानाला लावला.

“आत्या, मी बोलतोय.”

“तू होय,” आत्याचा आवाज जरा सुधारला. “तुझा कळला बघ लगेच. बोल रे बाळा.”

वाक्य तयार होतं. चार शब्दांचं तर होतं. आजीनं तुला बोलावलं होतं. ते त्याच्या जिभेवर आलं आणि तिथंच थांबलं, आणि त्याला वाटलं, आधी जरा तिची विचारपूस करू, मग सांगू, एकदम कसं सांगायचं.

“आत्या, जेवलीस का?”

“दोन चमचे पेज घेतली.”

“गोळ्या वेळेवर देतायत ना? आणि डोळ्यांचे थेंब?” ती हो म्हणाली. त्यानं पाठीला फोड आलेत का विचारलं, कूस बदलून झोपवायला सांग म्हणाला, उशी उंच लावली की श्वासाला बरं पडतं हे सांगितलं, तोंड कोरडं पडत असेल तर ओल्या कापसानं ओठ पुसत जा म्हणाला. सगळं कामाचं होतं, एकही गोष्ट वायफळ नव्हती. आत्याशी इतकं तो जन्मात बोलला नव्हता. बोलता बोलता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तरी तो विचारत राहिला.

“गुणाचा रे,” आत्या म्हणाली. तिचा आवाज आता विझत चालला होता. “माझा भाऊ बराय ना? त्याला म्हणावं, घाई नको. दात बसले की बोल माझ्याशी.”

“हो आत्या,” तो म्हणाला. “सांगतो त्यांना.”

समोर मास्तर त्याच्या ओठांकडे बघत होते, त्यातून त्यांचं वाक्य कधी बाहेर पडतं याची वाट बघत.